मार्टिन केरची जबानी

“मरणाऱ्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत लिहायचं, वैजयंती. तुझा एक शब्द त्यात घालायचा नाही. घड्याळ बघून वेळ टाकायची, अंगठा घ्यायचा आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं. तो गेला तरी कागद राहिला पाहिजे.”

पुरुषोत्तमसरांचं हे सांगणं सांगलीच्या सिव्हिल हॉस्पिटलातलं. वैजयंती तेव्हा नुकती डॉक्टर झाली होती. पुढ्यात स्ट्रेचरवर एक माणूस होता, सख्ख्या भावाने कोयता घालून मान अर्धी तोडलेला. तिची अक्षरं ओळीवर राहीनात. सरांनी मागून तिचं मनगट धरलं, आणि तिने आयुष्यातली पहिली मृत्युपूर्व जबानी लिहिली.

त्याला बावीस वर्षं झाली. आता ती बेलफास्टमधल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होती. सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी दुपारी मार्टिन केरला थिएटरच्या दाराशी आणलं, तेव्हा सरांचे ते शब्द तिला कोणीतरी कानात म्हटल्यासारखे ऐकू आले.

मार्टिन सव्वीस वर्षांचा, सुतारकाम करणारा. दोन्ही गुडघ्यांत मागून गोळ्या घातलेल्या. बेलफास्टला हे नवं नव्हतं. गल्लीवर ज्या सशस्त्र टोळ्यांचा ताबा, त्या आपल्याच लोकांना अशी शिक्षा देत. तिने असे गुडघे इतके पाहिले होते की गोळी पुढून शिरली की मागून, हे ती पट्टी सोडायच्या आधी सांगायची. पण या वेळी उजव्या गुडघ्यामागची मोठी रक्तवाहिनी फाटली होती. चादर भिजून रक्त ट्रॉलीच्या चाकांवरून जमिनीवर ओघळत होतं आणि नर्सच्या बुटांचे ठसे दारापर्यंत उमटले होते. रक्ताच्या पिशव्या लावल्या, त्या वरून जात होत्या तेवढ्याच वेगाने खालून निघून जात होत्या.

“डॉक्टर,” मार्टिन म्हणाला. त्याचे ओठ राखेसारखे झाले होते. “मी उठणार नाही यातून. लिहून घ्या.”

सर्जन आत हात धूत होता. नर्स आणखी रक्त आणायला पळाली होती. वैजयंतीने भुलीच्या तक्त्याची मागची बाजू वर केली. तीन वाजून बावन्न मिनिटं. रोगी शुद्धीवर, प्रश्नांना नीट उत्तरं देतो.

त्याने गोळ्या घालणाऱ्याचं नाव सांगितलं, आडनावासकट. “माझी व्हॅन मागत होता. कशाला ते ठाऊक होतं, म्हणून नाही म्हटलं. दोन गोळ्या ठरल्या होत्या, त्याने पाच घातल्या. तोंडावर काही नव्हतं. हसत होता.”

तिने शब्दाला शब्द लिहिलं. वाचून दाखवलं. सर्जन ऑपरेशनआधी कातडीवर ज्याने खूण करतो, ते जांभळं पेन तिने त्याच्या अंगठ्यावर फिरवलं आणि अंगठा कागदावर दाबला. इकडे असं कोणी करत नाही हे तिला त्या क्षणी सुचलंही नाही. परत आलेली नर्स बघतच राहिली. “डॉक्टर, हे काय करताय?”

“लिहून घेतेय,” वैजयंती म्हणाली आणि त्याच्या तोंडावर मास्क ठेवला.

पावणेपाचला मार्टिन टेबलावरच गेला.

*

नातेवाइकांच्या खोलीत त्याची आई एकटी बसली होती. मिसेस केर, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, पन्नाशीच्या, रुंद हातांच्या. त्या रडत नव्हत्या.

“मीच नेलं त्याला,” त्या म्हणाल्या. “दारातून चिठ्ठी टाकली होती. तीन वाजता, दुकानांच्या मागच्या बोळात. नाही आला तर घरी येऊ. घरात माझी म्हातारी आई आहे, डॉक्टर. मी त्याला म्हटलं, जुनी पँट घाल, चांगली खराब होईल. निघायच्या आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोनसुद्धा मीच करून ठेवला. सहा आठवडे प्लास्टर, असंच वाटलं मला.”

वैजयंतीने त्यांना कागद दाखवला. मिसेस केरनी तो जांभळा अंगठा बराच वेळ बघितला, मग त्यावर आपला अंगठा टेकवला.

“पोलिसांत नाही,” त्या म्हणाल्या. “पोलिसांत गेलेल्याला आमच्याकडे एकच शिक्षा असते, आणि ती गुडघ्यात नसते. पण वर टेकडीवर असेंब्लीची एक कमिटी या मारहाणींची चौकशी करतेय. तिथे सगळ्या पक्षांची माणसं असतात. यांच्या बाजूची, त्यांच्या बाजूची. त्या सगळ्यांच्या तोंडावर हे वाचा. मग कोणाला म्हणता येणार नाही की आम्हाला माहीत नव्हतं. वाचाल?”

“वाचीन.”

“वचन?”

“वचन.”

“तुमचा आवाज मला इथे दोन फुटांवर ऐकू येत नाहीये, डॉक्टर,” मिसेस केर म्हणाल्या आणि मग त्यांचं तोंड वाकडं झालं, आणि त्या रडल्या.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. मार्टिन काही बोलला का, असं विचारलं. वैजयंतीने खाली बघून सांगितलं की तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता. एवढ्या वर्षांच्या नोकरीतलं तिचं पहिलं खोटं. घरी येऊन तिने कागद देव्हाऱ्यात, जगदंबेच्या टाकाखाली ठेवला.

*

घरी ती आणि स्वराली दोघीच असायच्या. नवरा, डॉक्टर शशी, कार्डिफच्या हॉस्पिटलात होता आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार यायचा. स्वराली इथेच वाढलेली, मोडकं मराठी बोलणारी, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला होती. कमिटी म्हणजे काय, हे आईला तिनेच समजावलं.

“आई, तिकडे तू जे वाचशील त्याच्यावर कोणी तुला कोर्टात नाही खेचू शकत. आणि दार बंद करून साक्ष घेतली तर तुझा नाव छापत नाहीत. फक्त कागद छापतात. इट्स द ओन्ली सेफ प्लेस.”

कमिटीच्या कारकुनाला तिने फोन केला. भला माणूस होता. त्याने बुधवार, सोळा ऑक्टोबर हा दिवस दिला.

पण ऑक्टोबर लागला आणि सगळं फिरलं. असेंब्लीतल्या, म्हणजे इथल्या विधानसभेतल्या, एका पक्षाच्या कचेरीवर पोलिसांची धाड पडली, हेरगिरीचे आरोप झाले. समोरचे म्हणाले, आम्ही यांच्याबरोबर एका टेबलाला बसणार नाही. धाड खरी की नाटक, यावर बसमध्ये, वॉर्डात, अगदी ऑपरेशन चालू असताना माणसं एकमेकांवर धावून जायला लागली. एका पोर्टरने दुसऱ्याचं डोकं लिफ्टच्या दारावर आपटलं आणि चार टाके घालताना कळलं की दोघं दहा वर्षं एकत्र डबा खायचे. लंडनचा मंत्री असेंब्ली तहकूब करणार, अशी बातमी रोज नव्याने येत होती.

“निवडून दिलेली माणसं अशी घरी पाठवता येतात?” वैजयंतीने विचारलं.

“एक सही लागतो, आई. लंडनमध्ये कायदा केलाय तसा. चार वर्षांत ही चौथी वेळ. प्रोफेसर म्हणाले, घर तुमचं, पण किल्ली आमच्याकडे.”

त्यातच नवरात्र बसलं. वैजयंतीच्या घरी घट, अखंड दिवा, नऊ दिवस एक वेळ फराळ, आणि रोज सकाळी उठल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मौन. हे मौन नवसाचं होतं. स्वराली जन्मली तेव्हा निळी पडली होती, अडीच मिनिटं रडली नव्हती. टेबलावर पडल्या पडल्या वैजयंतीने देवीला म्हटलं होतं, हिला आवाज दे, मी माझा देते. एकोणीस वर्षांत एकदाही ते मोडलं नव्हतं. नवरात्रात ती दुपारपाळी मागून घ्यायची, आणि सगळं खातं कुरकुर न करता सांभाळून घ्यायचं.

सोमवारी खंडेनवमी होती. पाटावर तिने आपली शस्त्रं मांडली: स्टेथोस्कोप, घशात नळी घालायचं लॅरिंगोस्कोप, स्वरालीची पेनं, स्वयंपाकघरातली सुरी. हळदकुंकू वाहिलं आणि मनातल्या मनात देवीचा पाठ सुरू केला. सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. फोन वाजला.

निरोप टिपणाऱ्या मशिनने तो घेतला, आणि कारकुनाचा आवाज घरभर झाला. “डॉक्टर, बुधवार विसरा. आज मध्यरात्रीपासून असेंब्ली तहकूब होतेय, नक्की झालं. कमिटी आज साडेअकराला शेवटची बसतेय. तुम्ही येऊन कागद वाचलात तर तो नोंदीत जाईल. त्यानंतर कमिटीच नाही. मिसेस केरनाही कळवलंय. कृपा करून या.”

वैजयंतीचे ओठ हलत राहिले. अध्याय अर्ध्यावर होता. असुर पडत होते, रक्त सांडत होतं, आणि तिच्या डोळ्यांसमोर ट्रॉलीची चाकं येत होती. पाठ मध्येच सोडायचा नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही. टेकडी वीस मिनिटांवर. तिने मनाशी हिशोब केला: भरभर वाचलं तर अकराला पाठ संपेल, दहा मिनिटांत नैवेद्य, साडेअकराला तिथे. आणि अशा बैठका कधी वेळेवर सुरू झाल्यात? साडेअकरा म्हणजे बारा. आपल्याकडे तर एक.

ती भरभर वाचायला लागली आणि अडखळली. ओळ चुकली की अध्याय पहिल्यापासून, असा तिचा नेम. तिने तो पहिल्यापासून घेतला. पुन्हा चुकली. पावणेअकराला फोन पुन्हा वाजला, मशिनवर नुसता श्वास ऐकू आला, मग मिसेस केरचा आवाज. “डॉक्टर, मी निघालेय. तिथेच भेटू.”

तिच्या घशापर्यंत शब्द आला. थांबा, एवढाच. तिने तो गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाण्यामागे अक्षरं पोहत होती. स्वराली निळी पडलेली दिसत होती.

नैवेद्य दाखवून झाला तेव्हा बारा वीस झाले होते. तिने फोन उचलला.

“संपलं, डॉक्टर,” कारकून म्हणाला. मागे खोकी ओढल्याचे आवाज येत होते. “सभापतींनी तुमच्यासाठी पंधरा मिनिटं थांबवून धरलं. मिसेस केर बाहेर बाकावर बसल्या होत्या. दार दोनदा उघडून बघितलं त्यांनी. कागद त्यांच्याकडे नव्हता, नुसतं सांगितलेलं घेता येत नाही. त्या मघाच गेल्या.” तो थांबला. “पायऱ्यांवर आज सगळे कॅमेरे आहेत हो. दुपारच्या बातम्यांत दिसल्या त्या. मला ते आवडलं नाही.”

*

तिने मिसेस केरना पाच वेळा फोन केला. मग गाडी काढली. पत्ता तिच्याकडे होता, मार्टिनच्या कागदपत्रांवरून पाठ झालेला. कोपऱ्यावर एक जळकी बस अजून धुमसत होती, म्हणून गाडी अलीकडेच लावून ती चालत गेली. भर दुपार, ऊन पडलेलं, आणि रस्त्यावर एक माणूस नाही. प्रत्येक खिडकीचा पडदा ओढलेला.

मिसेस केरच्या फाटकातून तिघे बाहेर पडत होते. तोंडावर काळे रुमाल, दोघांच्या हातांत बॅटी. तिसरा रिकाम्या हाताने हातमोजे काढत होता. त्याने तिची साडी बघितली, गळ्यातली पिशवी बघितली आणि फाटक तिच्यासाठी धरून ठेवलं.

“सांभाळून, मॅडम,” तो म्हणाला. “आत जरा पडझड झालीय.”

दरवाजा बिजागऱ्यांसकट आत पडला होता. पुढच्या खोलीत म्हातारी आजी खुर्चीत बसून होती, टीव्ही फुटलेला, आणि ती त्या फुटलेल्या टीव्हीकडेच बघत होती. मिसेस केर स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. टेबलावर रक्त होतं, केस होते आणि एक तुटलेलं नख होतं. लाकडावर बॅटीचे खळगे पडले होते, पाच-सहा, जवळजवळ. त्यांचे दोन्ही हात मनगटाखाली हातांसारखे राहिलेच नव्हते. कातडी फाटून हाडं वर आली होती. एक कान लोंबत होता. त्या घोरल्यासारखा श्वास घेत होत्या.

वैजयंती गुडघ्यांवर बसली. जबडा वर उचलून धरला, तोंडातलं रक्त बोटांनी काढलं, त्यांना कुशीवर वळवलं. श्वास मोकळा झाला. ओट्यावरचे टॉवेल ओढून तिने मनगटं गुंडाळली आणि वर धरली. अ‍ॅम्ब्युलन्सला फोन करताना तिच्या लक्षात आलं की पलीकडचा माणूस पुन्हा पुन्हा म्हणतोय, मोठ्याने बोला.

ती ओरडली. स्वतःचा तसला आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

मिसेस केरनी डोळे उघडले. “हात टेबलावर ठेवायला सांगितले,” त्या म्हणाल्या. “ठेवले मी. नाहीतर आईला... सही कशी करशील आता, म्हणाला. हसत होता. तोच होता, डॉक्टर.”

“बोलू नका.”

“आला नाहीत तुम्ही.”

काय सांगायचं? गाडी बंद पडली, ऑपरेशन निघालं, रस्ता अडवला होता. सगळी खोटी उत्तरं तिच्या जिभेवर तयार होती. “पूजेला बसले होते,” ती म्हणाली. “तुमचा निरोप मी ऐकला. दोन्ही निरोप ऐकले. उठले नाही. नियम मोडायची भीती वाटली.”

मिसेस केरचा एक डोळा रक्ताने मिटत चालला होता. रागावण्याइतकं बळ होतं की नाही कोण जाणे.

“मी इस्त्री केली होती त्या दिवशी,” त्या म्हणाल्या. “जुन्या पँटला. घडी मोडायला नको म्हणून.”

बाहेर सायरन ऐकू आला. वैजयंतीच्या साडीचा पदर कोपरापर्यंत लाल झाला होता.

“कागद आहे अजून?”

“आहे.”

“आता पोलिसांत वाचा. कोर्टात वाचा. रस्त्यात उभं राहून वाचा. माझं काही मोडायचं राहिलं नाही.”

“आजी?”

“बहीण घेऊन जाईल आजच. लांब. तुम्ही वाचा.”

“उद्या,” वैजयंती म्हणाली. “उद्या सकाळी.”

संध्याकाळी तिनेच मिसेस केरना भूल दिली. सर्जन साडेतीन तास हाडं जुळवत होता. डाव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. टेबलाच्या डोक्याशी बसून ती नाडी धरून होती, आणि कोणीतरी रेडिओ लावला होता. निवेदक सांगत होता, मंत्र्यांनी सही केली, रात्री बारापासून असेंब्ली तहकूब, पुढे काय ते सांगता येत नाही. सर्जनने रेडिओ बंद करायला सांगितलं.

*

दसऱ्याच्या सकाळी तिने घट उठवले. नैवेद्य झाला. शशीचा कार्डिफहून सात वाजल्यापासून तिसरा फोन होता.

“वैजू, तुला डोकं आहे का? पोरीला घे आणि इकडे निघून ये. आपण इथले नाही. त्यांचं त्यांना मारू दे एकमेकांना.”

“तो माझ्या टेबलावर गेला, शशी.”

“तुझ्या टेबलावर रोज कोणीतरी जातं!”

“रोज कोणी अंगठा देत नाही. स्वराली दीडच्या विमानाने येतेय. तिला घ्यायला जा.”

स्वराली बॅग घेऊन जिन्यात उभी होती. रात्रभर ती झोपली नव्हती, डोळे सुजले होते.

“आई, तुला कळतंय ना? कमिटी गेला, प्रोटेक्शन पण गेला. आता तुझा नाव कोर्टात मोठ्याने घेतील. त्याचा वकील तुला विचारेल, तीन आठवडे पोलिसांशी खोटं का बोललीस? नोकरी जाऊ शकते. आणि ते लोक... त्याने तुला पाहिलंय. हा घर जाळतील.”

“हो.”

“नुसतं हो काय?”

“खोटं बोलले तेही सांगणार आहे. पहिल्यांदा तेच सांगीन.”

स्वराली बॅगेवर बसली. “वकील म्हणेल अंगठा बिंगठा इथे चालत नाही. त्या नर्सला बोलव. तिने बघितलाय ना अंगठा घेताना?”

“रात्रीच विचारलं. जमलं तर येते म्हणाली. घाबरलीय.”

“मी पण घाबरलेय.”

“मीही,” वैजयंती म्हणाली. तिने मुलीच्या तोंडावरून हात फिरवला. “टॅक्सी येईल आता. शेजारच्या बाईंकडे बस तोवर. पाठीमागच्या दाराने जा.”

ती वर गेली. कागदाच्या तीन प्रती तिने काल तो घरून नेऊन हॉस्पिटलात काढल्या होत्या: एक शशीच्या पत्त्यावर पाठवायची, एक स्वरालीच्या बॅगेत, एक त्या कारकुनाला. परत टाकाखाली ठेवलेला मूळ कागद तिने काढला. त्यावर थोडी हळद पडली होती, ती फुंकून झटकली. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये ठेवला. रोजची साडी नेसली, त्यावर राखाडी कोट घातला. गाडी त्यांनी कालच्या गल्लीत पाहिली असणार, म्हणून तिने किल्ल्या खुंटीवरच राहू दिल्या.

समोरच्या फुटपाथला एक निळी गाडी उभी होती. आत दोघं बसलेले. कालपर्यंत ती तिथे नव्हती. दुसऱ्या कोणाकडे आले असतील, की आपल्याकडे, हे तिला कळेना. ती खिडकीपाशी एक क्षण थांबली, मग खाली उतरली.

दार तिने आवाज न करता लावून घेतलं आणि निळ्या गाडीवरून पुढे, पोलीस स्टेशनकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याच्या दिशेने चालू लागली.